रुखवतावरचं नाव

१९ जानेवारी २०२५

वैजयंतीचं लग्न ठरलं. वहिनी पेढा घेऊन मागच्या दारी आली. मी पायरीवर बसले होते. पेढा अजून माझ्या हातातच, तर म्हणते कशी — "ताई, रुखवताचं तुमच्याकडे लागलं बरं." जशी काही मी एरवी दुसरं काही करते!

दादाची एकुलती एक मुलगी. तिच्या पहिल्या झबल्यावरचं बदक मी भरलं होतं, म्हणजे तिच्या लग्नातलं तोरणही मीच करायचं. कोणी विचारलंच नाही. ते धरूनच चालतात.

मालेगावात किती जणींची रुखवतं केली, आठवून पाहिलं. सतराव्या नावाशी थांबले. प्रत्येक ठिकाणी टेबलावर एक पाटी — अमुकतमुकने स्वहस्ते तयार केलेल्या वस्तू. स्वहस्ते! त्यातल्या निम्म्या जणींना सुईत दोरा ओवता येत नव्हता.

पेढा चांगला होता. तेही लिहून ठेवते, नाहीतर म्हणाल सगळीच तक्रार.

(कोणाला म्हणते मी 'म्हणाल'? ही वही कोण वाचणार आहे!)

२३ जानेवारी

वहिनीनं यादी आणली. मोबाइलवर कोणाच्या तरी लग्नाचे फोटो पाहून केलेली. दोसुतीचा मोठा टेबलक्लॉथ, मण्यांचं तोरण, क्रोशाचे रुमाल, सप्तपदीची सात चित्रं भरून, लहानशी बैठक — लोड-तक्क्यांसकट. आणि "अजून काही सुचलं तर तुमी बघा."

काम मागच्या अंगणातच करते. इथं ऊन चांगलं येतं आणि घरातलं कोणी येत नाही. अंजिराच्या झाडाखाली मातीची परळ ठेवली आहे, पाण्याची, शेजारी मूठभर ज्वारी. सकाळी आधी सातभाई येतात, भांडत. मग साळुंक्या. होल्याची जोडी सगळ्यात शेवटी, सगळे गेल्यावर — उरलंसुरलं खातात. मला त्यांचा राग येतो. या ना आधी! कोण अडवतंय?

वहिनी म्हणते, पाखरं आणून ठेवली तुमी, वाळवणावर घाण करतात. आईच्या आजारपणात एकोणीस वर्षं या अंगणाखेरीज मी दुसरं काय पाहिलं? तिची खाट या दाराशी होती. ती झोपली की मी टाके घालायचे, ती उठली की सुई पोलक्याला टोचून उठायचे. पाखरं तेव्हापासूनची आहेत.

२ फेब्रुवारी

टेबलक्लॉथचा एक कोपरा झाला. उसवला. निळा रंग चुकीचा होता.

९ फेब्रुवारी

आज जैतुनबी भिंतीवरून डोकावली. तिचं घर मागल्या बाजूला, मधे कमरेएवढी भिंत. तिच्या नवऱ्याचं, गफ्फारभाईंचं, गादीचं दुकान आता पोरगा पाहतो. ते दोघं म्हातारे घरीच. या गावात माझ्याशी, निव्वळ माझ्याशी, बोलायला येणारी ही एकच बाई. बाकीचे रुखवताचं विचारायला येतात.

"काय वं कस्तुरे, कोनाचं चाललं?"

"वैजयंतीचं."

"मंग तं जोरात होऊ दे! पोरगी आपली हाय."

मी म्हटलं, आपली म्हणजे कोणाची? ती हसली. तिचे हात आता कापतात, नाहीतर काशिदा तिच्यासारखा कोणाला येत नव्हता. गाठीचा टाका मला तिनंच शिकवला, भिंतीच्या पलीकडून. कपडा भिंतीवर ठेवायचा, दोघींनी दोन बाजूंनी वाकायचं. आई ओरडायची, तिथं काय चिकटून बसली!

लोड-तक्क्यांचा कापूस तिनं द्यायचं कबूल केलं. पिंजून देते म्हणाली. बाजारचा नको, गोळे होतात.

१६ फेब्रुवारी

सप्तपदीतलं दुसरं पाऊल भरलं. नवरीच्या पायातली जोडवी करताना उगीच आठवलं.

माझंही रुखवत झालं होतं. एक आख्खी लोखंडी पेटी. चोवीस वर्षांची होते. ब्याण्णव साली अनसिंगहून पाहायला आले. मुलगा मास्तर होता. नाव लिहीत नाही. पोहे खाताना त्यानं भिंतीवरची फ्रेम पाहिली — मी भरलेला मोर — आणि विचारलं, हे किती दिवसांत केलं? बाकी कोणी मुलीला असं विचारत नाही. स्वयंपाक येतो का, एवढंच. मी म्हटलं, तीन महिने. तो म्हणाला, पिसारा पाहूनच वाटलं, घाई केलेली नाही.

एवढंच बोलणं. एवढ्यावर मी पंधरा दिवस काढले.

मग दादानं सांगितलं, त्यांचा नकार आला. आई म्हणाली, जाऊ दे, सावळा रंग आडवा येतो. त्यानंतर दोन स्थळं आली, ती मोडली. मग आईनं अंथरूण धरलं. मग कोणी विचारणंच सोडलं. पेटीतल्या वस्तू एकेक करून चुलत-मावस बहिणींच्या रुखवतात गेल्या. मोर सगळ्यात शेवटी गेला. शिरपूरला आहे कुठंतरी.

२६ फेब्रुवारी

आज काय झालं ते नीट लिहायला पाहिजे.

जैतुनबी कापूस घेऊन आली. दोघी उन्हात बसलो. मी तक्क्याच्या खोळी शिवत होते, ती भरत होती. बोलता बोलता म्हणाली, "वैजयंतीचं होऊन राह्यलं, चांगलंच हाय. पन तुह्यं व्हाले पाह्यजे होतं कस्तुरे. अनसिंगचे लोक चांगले होते."

मी म्हटलं, त्यांनीच नाही म्हटलं, त्याला कोण काय करणार.

तिचा हात थांबला. "कोनं नाही म्हटलं?"

"अनसिंगवाल्यांनी."

"अवं, त्याइनं तं होकार देल्ता!"

मी हसले. खरंच हसले. मग तिचं तोंड पाहिलं.

तेव्हा गफ्फारभाई गाद्या पिंजायला गावोगाव जायचे. अनसिंगला गेले होते. मास्तराच्या वडिलांनी त्यांच्याच हाती चिठ्ठी दिली — मुलगी पसंत आहे, पुढचं बोलायला या. गफ्फारभाईंनी ती इथं आणून दादाच्या हातात दिली. दादा चिठ्ठी घेऊन आत गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला. म्हणाला, पुन्हा तिकडं जासान तेव्हा सांगजा, आमाले जमत नाही. आन् घरात कोनाजवळ बोलू नका.

"मले वाटलं तुले मालूम झालं असन आतापर्यंत," जैतुनबी म्हणाली. "तेहतीस वर्ष झाले वं."

"तुला तेव्हापासून माहीत आहे?"

ती कापूस बोटांनी पिंजत राहिली.

"या भिंतीवर वाकून तू मला टाके शिकवत होतीस. आणि तुला माहीत होतं!"

"यायनं जबान देल्ती तुह्या भावाले. माह्या मनात दहादा आलं. मंग तुही माय बिमार पडली. मंग सांगून काय करतं?"

मी उठले. खोळी तिथंच टाकल्या. कापूस अंगणभर उडाला. एक साळुंकी त्यातला तुकडा चोचीत धरून गेलीसुद्धा.

२७ फेब्रुवारी

सुई चार वेळा बोटात गेली.

१ मार्च

दादा पुढच्या खोलीत पत्रिकांवर नावं घालत बसला होता. अक्षर अजून सुंदर आहे त्याचं. वहिनी बाजारात. मी दारात उभी राहिले.

"दादा, अनसिंगचा होकार आला होता?"

त्याचा पेन थांबला नाही. नाव पूर्ण केलं, गावही घातलं. मग टोपण लावलं.

"कोनं सांगितलं?"

"आला होता का नाही?"

"हाव."

"मग?"

"मीच नाही म्हटलं."

असं म्हणाला, जसं एखाद्यानं पाणी नको म्हणावं! मी विचारलं, काहून? त्यानं लिहून झालेल्या पत्रिकांचा गठ्ठा सरळ केला. मग म्हणाला, "आईले कोनं पाह्यलं असतं?"

तेव्हा आईला नुसता दमा होता. हिंडत-फिरत होती. अंथरूण धरलं ते तीन वर्षांनी. मला असा राग आला की दाराची चौकट धरली.

"आईचं नाव मधे घेऊ नको! आई असं कधी म्हणाली नसती. ती रडली होती अनसिंगचा नकार आला तेव्हा. आईला ठाऊक असतं ना, तर तिनं मला स्वतः अनसिंगला नेऊन सोडलं असतं."

दादानं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलेल असं वाटलं. मग खाली पाहून पुढची पत्रिका ओढली.

"झालं ते झालं कस्तुरा."

कोणाचं झालं? तुझं लग्न झालं, पोरगी झाली, दुकान झालं. माझं काय झालं ते सांग! हे बोलले नाही. इथं लिहिते आहे. तोंडावर बोलायला पाहिजे होतं.

एवढंच म्हटलं, "यापुढं माझ्याशी बोलू नको."

२ मार्च

बोलला नाही.

११ मार्च

रुखवत सोडून द्यावं असं दहा दिवस मनात होतं. वहिनीनं दोनदा विचारलं, कुठवर आलं? तिला सांगावं, तुझ्या नवऱ्याला बसव टाके घालायला. पण हात रिकामे राहिले की डोकं चालतं. म्हणून पुन्हा घेतलं.

आज एक ठरवलं. प्रत्येक वस्तूवर माझं नाव घालणार. कस्तुरा. तीनच अक्षरं. टेबलक्लॉथच्या कोपऱ्यात वेलीच्या आत, त्याच हिरव्या दोऱ्यानं. तोरणात मणी बदलून. सप्तपदीच्या प्रत्येक पावलाखाली, जिथं जमीन दाखवली आहे तिथं गाठीच्या टाक्यानं. लपवायचं नाही, पण ओरडायचंही नाही. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

सतरा रुखवतं झाल्यावर ही अक्कल आली.

१५ मार्च

जैतुनबी तीनदा भिंतीशी येऊन गेली. मी खाटेवर पाठ तिकडं करून बसते आता.

२४ मार्च

अंजिरावर शिंपी पक्षी आलाय. आहे केवढासा — हिरवट पाठ, शेपटी उभी, आवाज मात्र सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढा. एका मोठ्या पानाच्या दोन कडांना चोचीनं भोकं पाडून त्यातून कोळ्याचं जाळं ओढून घेते ती. पान द्रोणासारखं वळतं. मी दीड तास पाहत होते. एकदा धागा सुटला तर तिनं पहिल्यापासून सुरू केलं. चिडली नाही. मी असते तर पान फाडलं असतं.

तिला कोण शिकवतं? तिची पाटी कुठं लागते?

माझ्या दोऱ्याचे तुकडे खाली पडतात, त्यातला एक लाल तिनं उचलला. दोसुतीचा लाल. शोभतो.

३१ मार्च

ईद. जैतुनबीनं भिंतीवर वाटी ठेवली. दरवर्षी ठेवते. वरून झाकण, त्यावर छोटा दगड, मांजरीसाठी. शीरखुर्मा. मला आवडतो म्हणून तिच्या हातचा चारोळीवाला.

मी पाहिलं. उठले नाही.

दुपारी दगड सरकला होता. संध्याकाळी मुंग्यांची रांग भिंतीवरून वाटीपर्यंत. ती आली, वाटी उचलली, आत गेली.

मला बरं वाटेल असं वाटलं होतं.

६ एप्रिल

वैजयंती पुण्याहून आली. सगळ्या वस्तू पलंगावर मांडल्या होत्या, तिला दाखवायला. तिनं फोटो काढले. "आत्या, किती भारी!" मग बसली माझ्याजवळ, मांडीवर डोकं ठेवून, लहानपणी ठेवायची तशी.

"आत्या, खरं सांगू? मले रुखवत नकोच होतं. त्यांच्याकडं कोणी करत नाही आता. आईनंच हट्ट धरला. म्हणे, आत्याचं मन लागते त्यात."

आत्याचं मन लागतं!

म्हणजे हे सगळं माझ्यासाठी चाललं होतं. मला कामात ठेवायला. दोन महिने पाठ मोडून मी जे केलं ते कोणालाच नको होतं, आणि त्यातही उपकार त्यांचेच.

तिला म्हटलं, हो बाई, लागतं मन. ती म्हणाली, "बाबा अन् तू बोलत काहून नाही?" मी म्हटलं, तुझ्या बाबांना विचार.

"विचारलं. ते म्हणे, तिचा हक्क आहे."

हक्क! मोठा आला हक्क देणारा.

१४ एप्रिल

मांडववाला आज माप घेऊन गेला. हळद मागच्या अंगणात करायची आहे. अंजिराच्या फांद्या आड येतात, उडवून टाकतो म्हणाला. मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "तेवढी फांदी राहू दे. खोपा हाय त्याच्यात. मांडव हातभर इकडं घे."

त्याला ठाऊक आहे तिथं घरटं आहे! कधी पाहिलं त्यानं? या अंगणात तर येतही नाही.

पाखराची दया येते माणसाला. बहिणीची आली नाही.

२० एप्रिल

लग्न लागलं. पोरगी छान दिसत होती. जावई साधा वाटला. पंक्तीत वाढणाऱ्या बाईला हात जोडून 'बस' म्हणाला, ते आवडलं.

रुखवत मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात, कुलरच्या मागं. पाटी वहिनीच्या भाच्यानं छापून आणलेली, सोनेरी अक्षरात — चि. सौ. कां. वैजयंती हिने स्वहस्ते. मी टेबलाजवळ खुर्ची टाकून बसले. माणसं येत होती. "वा!" म्हणत होती. फोटो काढत होती, त्यात आपलं तोंड पुढं, रुखवत मागं. एका बाईनं टेबलक्लॉथचा कोपरा उचलून पाहिला — नेमका तोच! मी खुर्चीत पुढं सरकले. ती म्हणाली, "मशीनचं असन." आणि गेली.

तीन तास. एकानंही वाचलं नाही. माझं नाव सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सोळा ठिकाणी होतं.

पंक्ती उठत आल्या तेव्हा जैतुनबी आली. नवी ओढणी, गफ्फारभाईंच्या हाताला धरून. त्यांना खुर्चीवर बसवलं आणि एकटी टेबलाशी आली. माझ्याकडं पाहिलं नाही. वाकून एकेक वस्तू पाहू लागली. तिला मराठी वाचता येत नाही. पण सप्तपदीच्या पहिल्या पावलापाशी थांबली, तिथं अंगठा फिरवला. मग दुसऱ्यापाशी. मग सातही.

"हे टाके नक्षीतले नाहीत," ती म्हणाली. "सगळ्याइकडं सारखेच हायत. काय लिवलं वं?"

"माझं नाव."

तिनं पुन्हा अंगठा फिरवला, सावकाश, अक्षरांच्या वळणानं. "गाठ चांगली बसली," म्हणाली. "माह्यापेक्षा चांगली."

मी शेजारची खुर्ची ओढली. ती बसली. मी तिला माफ केलं असं नाही. पण मठ्ठा आणून दिला आणि दोघी पंक्तीची जागा पुसून होईपर्यंत कोणाचा काशिदा कसा, यावर बोललो. शेवटी ती म्हणाली, "यायनं त्या दिवशी तुह्या भावाले पाह्यलं होतं, चिठ्ठी घेऊन बाहेर आला तवा. म्हणे, मानूस मयतीतून उठून आल्यासारका दिसत होता." मी म्हटलं, त्याचं नको काढूस. तिनं काढलं नाही.

निघताना वैजयंती माझ्या गळ्यात पडून रडली. दादा बाजूलाच उभा होता. त्याचाही हात थोडा पुढं आला. मी पदर सावरला आणि वळले.

२१ एप्रिल

रुखवत खोक्यात भरून मुलाकडे गेलं. खोक्यावर मार्करनं लिहिलं होतं — 'नाजूक सामान, वर काही ठेवू नये.'

२४ एप्रिल

घर रिकामं. दादा दुकानात जात नाही. वहिनी म्हणते, पोरगी गेली म्हणून. शिंपिणीची पिल्लं उडाली वाटतं. पान वाळून लोंबतंय.

नवीन काही भरायला घेतलं नाही.

२७ एप्रिल

दादा दोन दिवस जेवला नाही. आज वहिनीचा तोल गेला. भांडी घासता घासता राखेचा हात माझ्याकडं करून बोलली.

"त्यायले कायले छळून राह्यल्या? मी नवी सून होती तेव्हा. चुलीपाशी बसली होती. चिठ्ठी वाचून ते पेढे आणाले निघाले होते! तुमच्या मायनंच हात धरला. आपल्या डोक्यावर ठेवला त्यायचा. म्हणे, कस्तुराले देशीन तं माह्यं मेलेलं तोंड पाह्यशीन. अन् तिले सांगशीन तरी. मेल्यावरही पाळून राह्यले शपथ, अन् तुमी —"

आई!

पुढच्या खोलीत गेले. दादा डोळे मिटून पडला होता. जागा होता. "ऊठ दादा, ताट वाढते," म्हटलं. मार्चपासूनचे पहिले शब्द. तो उठून बसला आणि गुडघ्यात डोकं घालून रडला. मला रडू आलं नाही.

एकोणीस वर्षं रोज सकाळी मी आईची वेणी घातली. तिची पाठ माझ्याकडे, तोंड भिंतीकडे. एकदाही तिनं मान वळवली नाही.